अंड्यांचा प्रवास : उबवणी केंद्रापासून खुराड्यापर्यंत

(ग्रामीण कुक्कुटपालन या विषयावर पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



बाजारातून आणलेले अंडे वाटेत फुटले तर नुकसान एका अंड्याचे होते आणि ते तेथल्या तेथे डोळ्यांना दिसते. उबवणुकीच्या अंड्याचे तसे नाही. ते न फुटताही वाया जाते. वरून कवच धड, स्वच्छ, जसे निघाले तसेच पोहोचलेले. आणि आतील जीव मात्र वाटेतच कधीतरी संपलेला. हे कळते २१ दिवसांनी, जेव्हा खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठते आणि टोपलीत दोन-तीनच पिल्ले असतात. मग ज्या बाईने ती अंडी बसविली ती नशिबाला बोल लावते, पंचायत समितीतील अधिकारी उबवणी केंद्राला, आणि उबवणी केंद्र त्या बाईच्या कोंबडीला. पाठवणीचा विचार सहसा कोणी करीत नाही. आजचा विषय ती पाठवणी हा आहे.

महाराष्ट्र शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे खडकी (पुणे), कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. मुंबईत आरे वसाहतीत केंद्र शासनाची कुक्कुट विकास संस्था आहे. निरनिराळ्या जिल्ह्यांत सघन कुक्कुट विकास गट आहेत. त्यांशिवाय खाजगी उबवणीगृहे आहेत आणि कडकनाथ, गिरिराज, वनराज यांसारखे पक्षी पाळून त्यांची अंडी विकणारे लहान शेतकरीही आता पुष्कळ झाले आहेत. परंतु ज्यांना ही अंडी हवी असतात ती माणसे अक्राणीच्या पाड्यांवर, मेळघाटात, भामरागडच्या वाटेवर किंवा सह्याद्रीच्या एखाद्या घाटाखाली राहतात. उबवणी यंत्र आणि खुराडे यांच्यामध्ये दोनशे-तीनशे किलोमीटरचा रस्ता असतो आणि त्याचे शेवटचे दहा किलोमीटर सर्वांत वाईट असतात.

येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. अंड्यांऐवजी एक दिवसाची पिल्लेच का पाठवू नयेत? पिल्लू पाठविणे एका अर्थी सोपे आहे. कवचातून बाहेर येण्यापूर्वी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते आणि त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावाचून तग धरू शकते. शंभर पिल्लांच्या, पंचवीस-पंचवीसचे चार कप्पे असलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्या याच आधारावर दूरदूर जातात. पण पिल्लाला पोहोचल्याबरोबर ऊब लागते, दिवा लागतो, वीज लागते आणि पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून पाहणारे माणूस लागते. ज्या घरात वीज भरवशाची नाही पण खुडूक बसलेली गावठी कोंबडी आहे, त्या घरासाठी दहा-बारा चांगली अंडी हाच शहाणपणाचा मार्ग आहे. उबवणी यंत्र, दिवा आणि दाई ही तिन्ही कामे ती कोंबडी एकटी करते. कडकनाथ कोंबडी स्वतः फारशी खुडूक बसत नाही. तिची अंडी गावठी कोंबडीखाली बसवावी लागतात. तेव्हा अंड्यांची वाहतूक यंत्रे वाढली म्हणून संपणारी गोष्ट नव्हे.

आता अंड्याकडे जरा बारकाईने पाहावयास हवे, कारण बांधणीचा प्रत्येक नियम अंड्याच्या रचनेतूनच आलेला आहे. कवच साधारण एक तृतीयांश मिलिमीटर जाडीचे असते आणि त्याला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून आतील जीव श्वास घेतो. कवचावर कोंबडीने घातलेला एक अतिशय पातळ लेप असतो. तो वाळला की छिद्रांच्या तोंडावर पडद्यासारखे काम करतो. अंडे कोंबडीच्या पोटातून बाहेर येते तेव्हा त्याचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. बाहेरच्या हवेत ते निवू लागते, आतील पदार्थ आक्रसतात आणि रुंद टोकाकडून थोडी हवा आत ओढली जाते. कवचाखालच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये ती हवा साठते. यालाच हवेची पोकळी म्हणतात. पुढे २०व्या दिवसाच्या सुमारास पिल्लू चोच खुपसून पहिला श्वास घेते तो या पोकळीतला.

पिवळा बलक मध्यभागी राहतो तो दोन्ही बाजूंच्या पिळदार दोऱ्यांमुळे. पाळण्याला दोर असावेत तसे ते आहेत. बलकाच्या वरच्या अंगाला एक फिकट ठिपका असतो. अंडे फलित असेल तर तो ठिपका म्हणजेच भावी पिल्लू. घातल्या क्षणीच त्यात हजारो पेशी तयार झालेल्या असतात. अंडे थंड झाले की त्यांची वाढ थांबते आणि योग्य ऊब मिळेपर्यंत थांबून राहते. निसर्गाने ही सोय केली नसती तर कोंबडीला दहा-बारा दिवस रोज एक अंडे घालून मग सर्व पिल्ले एकाच दिवशी काढता आली नसती. आणि अंडी कोठे पाठविण्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

थांबलेल्या या जीवाला तीन गोष्टींचे भय असते : हादरा, उष्णता आणि ओल. लोक पहिल्याची काळजी घेतात आणि उरलेल्या दोन्हींकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक आपल्या हवामानात उष्णताच अधिक अंडी मारते.

याचे कारण असे. साधारण २० ते २४ अंशांच्या खाली गर्भाची वाढ थांबलेली राहते. त्यावर तापमान गेले की वाढ सुरू होते. पण ती उबवणीच्या ३७.५ अंशांवर व्हावी तशी धड होत नाही. अर्धवट, अनियमित होते. रात्री गारवा आला की पुन्हा थांबते. दुसऱ्या दिवशी बसस्थानकाच्या पत्र्याखाली पेटी तापली की पुन्हा सुरू होते. असे दोन-तीनदा झाले की तो जीव थकतो आणि प्रत्यक्ष कोंबडीखाली गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मरतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. बंद मोटारीत किंवा टपावर तर त्याहून अधिक. अशा दिवसांत अंडी पाठविण्याचे टाळता आले तर टाळावेच. टाळता येत नसेल तर संध्याकाळी निघून पहाटे पोहोचेल अशीच गाडी पाहावी. जेवढे लक्ष भुशावर दिले जाते तेवढे वेळापत्रकावर दिले तर अर्धे काम झाले.

वेळापत्रकाचा दुसरा भाग म्हणजे अंड्याचे वय. १५ ते १८ अंश तापमान आणि ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असलेल्या जागेत अंडी ठेवली तर आठवडाभर त्यांची उबवणक्षमता चांगली टिकते. त्यानंतर ती दिवसागणिक उतरत जाते. प्रवासाचे दिवस या आठवड्यातच मोजावयाचे असतात, त्यावर नव्हे. पाठविणारा पुष्कळदा पेटी भरेपर्यंत थांबतो. सहा-सात दिवसांची अंडी जमा करून मग पाठवितो आणि ती पोहोचून बसेपर्यंत दहावा-अकरावा दिवस उजाडतो. त्याऐवजी सोमवार ते बुधवार या तीन दिवसांची अंडी बुधवारी संध्याकाळी निघावीत, गुरुवारी सकाळी पोहोचावीत, एक दिवस विश्रांती घेऊन शुक्रवारी रात्री कोंबडीखाली जावीत. सर्वांत जुने अंडे चार दिवसांचे असते. पिल्लांची वाट तीन आठवड्यांनी येणाऱ्या शुक्रवारी पाहावी. २१ दिवसांचा हिशेब वारावर बसत असल्यामुळे तो निरक्षर माणसालाही चुकत नाही. शनिवारी पाठविलेली किंवा दिवाळीच्या तोंडावर पाठविलेली पेटी गोदामात पडून राहते, हे वेगळे सांगावयास नको.

ज्यांच्याकडे शीतखोली नाही त्यांनी काय करावे? घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात ओल्या वाळूत अर्धे पुरलेले मातीचे मडके, त्यात कोरड्या भुशावर ठेवलेली अंडी आणि मडक्याच्या तोंडावर ओलसर गोणपाट ही जुनी युक्ती आजही उपयोगाची आहे. अंड्यांना मात्र पाणी लागता कामा नये. फ्रीजमध्ये अंडी ठेवू नयेत; तेथील ४-५ अंशांचा गारठा आणि कोरडेपणा गर्भाला सोसत नाही.

थंड जागेतील अंडी एकदम दमट, गरम हवेत आणली की कवचावर घाम येतो. पावसाळ्यात कोकणात हा प्रकार नेहमीचा. तो घाम निरुपद्रवी दिसतो, पण ओल्या कवचावरील जंतू छिद्रांतून आत शिरतात. अंडे धुतल्यानेही तेच होते. कोमट अंड्यावर गार पाणी पडले की आतील पदार्थ आक्रसतो आणि पाण्याबरोबर घाण आत ओढली जाते. जन्मतः ज्या नियमाने हवेची पोकळी झाली त्याच नियमाने. शिवाय लेप धुऊन जातो तो वेगळाच. म्हणून मळलेले अंडे धुवून चकचकीत करून पाठविणारा माणूस कितीही नेटका असला तरी तो नुकसानच करीत असतो. किंचित डाग असेल तर कोरड्या फडक्याने किंवा काचकागदाने हलक्या हाताने काढावा. विष्ठेने माखलेले अंडे घरी खाण्यासाठी ठेवावे, पाठवू नये.

निवडीबद्दल फार सांगण्याची गरज नाही. अतिशय मोठे, अतिशय लहान, लांबट, गोल, खडबडीत किंवा पातळ कवचाचे अंडे वगळावे. सुधारित जातींचे ५० ते ६० ग्रॅम वजनाचे अंडे चांगले. गावठी कोंबडीचे अंडे त्याहून लहान असते आणि ते तसेच असावयाचे. केसासारखी बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी दोन अंडी एकमेकांवर अगदी हलके वाजवावीत. धड अंड्यांचा आवाज खणखणीत येतो, चिरलेल्याचा बद्द. गावातील म्हाताऱ्या बायकांना ही परीक्षा शिकवावी लागत नाही.

बांधणीकडे वळू. अंड्याची कमान उभ्या दिशेने सर्वांत बळकट असते. म्हणून अंडे उभे ठेवावयाचे. निमुळते टोक खाली, रुंद टोक वर. हवेची पोकळी वर राहिली म्हणजे बलकाचा भार तिच्यावर येत नाही. अंडे उलटे किंवा आडवे पडून हादरे खात गेले तर पोकळीचा पापुद्रा सुटतो आणि हवेचा बुडबुडा आत फिरू लागतो. अशा अंड्यातून पिल्लू निघण्याची आशा फार कमी.

मोठ्या पाठवणीसाठी पुठ्ठ्याचे ३० अंड्यांचे ट्रे सर्वत्र मिळतात. असे सात ट्रे एकावर एक, म्हणजे २१० अंड्यांची पेटी, हे आपल्या बाजारातील रूढ माप आहे. प्रत्येक ट्रे खालच्या ट्रेवर काटकोनात फिरवून ठेवावयाचा असतो. तसे केले की वरच्या ट्रेचा भार खालच्या ट्रेच्या उंचवट्यांवर येतो. न फिरवता ठेवला तर तो खालच्या अंड्यांवर बसतो. सर्वांत वर एक रिकामा ट्रे झाकण म्हणून घालावा, बाजूंच्या फटी कागदाने भराव्यात आणि पेटी सुतळीने दोन्ही अंगांनी आवळावी. पेटीला हवेसाठी भोके असावीत. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेल्या पेटीत ऊबही कोंडते आणि ओलही.

या ट्रेच्या उगमाची कथा मोठी गमतीची आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जोसेफ कॉइल नावाचे एक वृत्तपत्र संपादक होते. त्यांच्या भागात एक शेतकरी आणि एक हॉटेलमालक यांच्यात नेहमी तंटा होई : शेतावरून येणारी अंडी फुटलेली निघत आणि दोष कोणाचा हे ठरत नसे. १९११च्या सुमारास कॉइल यांनी प्रत्येक अंड्याला स्वतंत्र घर देणारा कागदी खोका तयार केला. वृत्तपत्राच्या संपादकाने भांडण छापण्याऐवजी मिटविल्याचे हे एक उदाहरण म्हणावयास हरकत नाही. भांडणाचे मूळ मात्र आजही तेच आहे.

एका कुटुंबासाठी दहा-बारा अंडी पाठवावयाची असतील तर पद्धत निराळी. प्रत्येक अंडे वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानात किंवा मऊ कागदात गुंडाळून रुंद टोक वर करून लहान खोक्यात उभे करावे. अंड्यांमध्ये, तळाशी व वर भाताचा वाळलेला पेंढा किंवा कागदाच्या कातरणी दाबून भराव्यात. हा लहान खोका मोठ्या खोक्यात ठेवून चारी बाजूंनी तीन-चार बोटे जाडीचा पेंढा भरावा. दोन खोक्यांची ही रीत महत्त्वाची आहे. बाहेरचा खोका आपटतो तेव्हा मधला पेंढा तो आघात गिळतो. लाकडाचा बारीक भुसा वापरू नये, त्याची धूळ छिद्रांत बसते. ओलसर तूस तर मुळीच नको, त्याला बुरशी येते. बांधून झाल्यावर खोका कानाशी धरून हलकेच हलवावा. आत काहीही सरकल्याचा आवाज आला तर तो पुन्हा उघडून भरावा. प्रथमच पाठविणाऱ्याने तर खाण्याच्या अंड्यांचा असाच एक खोका बांधून गुडघ्याएवढ्या उंचीवरून जमिनीवर टाकून पाहावा. फुटलेल्या दोन-तीन अंड्यांची पोळी होते आणि बांधणीतील दोष कळतो.

जुने ट्रे पुन्हा वापरण्याची सवय मात्र मोडली पाहिजे. व्यापाऱ्याकडून फिरून आलेला कागदी ट्रे कोणत्या गावाहून, कोणत्या खुराड्यातून आला हे कोणी सांगू शकत नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगाचे विषाणू अशा ट्रेवरून, पोत्यावरून, माणसाच्या चपलांवरून गावे ओलांडतात. कागदी ट्रे एकदा वापरून जाळावेत. प्लास्टिकचे असतील तर जंतुनाशकाने धुवून उन्हात वाळवावेत. काही रोग तर अंड्याच्या आतूनच येतात. पिल्लांची पांढरी हगवण हा पुलोरम रोग आईकडून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात उतरतो. उत्तम बांधणी केली तरी तो थांबत नाही. म्हणून अंडी ज्या कळपाची आहेत त्या कळपाची तपासणी झालेली आहे काय, हा प्रश्न खरेदी करणाऱ्या प्रत्येक पंचायतीने विचारला पाहिजे.

२००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लूचा उद्रेक झाला आणि पक्ष्यांबरोबर अंडीही नष्ट करावी लागली. २०२१च्या आरंभी राज्यात पुन्हा हा रोग दिसला. अशा वेळी बाधित क्षेत्रातून अंडी, पिल्ले, खाद्य, ट्रे यांपैकी काहीही बाहेर नेण्यास बंदी असते. ती मोडून चार डझन अंडी नातेवाइकाकडे पोहोचविणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो. त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते. हे समजावून सांगण्याचे काम पंचायत सदस्याचे आणि शिक्षकाचे आहे, आणि ते रोग येण्यापूर्वी करावयाचे आहे.

प्रवासाबद्दल दोन शब्द. एस.टी.च्या गाडीत पेटी टपावर टाकू नये, मागच्या चाकांवरील भागात ठेवू नये, इंजिनाजवळ ठेवू नये. गाडीच्या मधोमध हादरे सर्वांत कमी बसतात. मोटारसायकलच्या मागे दोरीने आवळलेली पेटी ही सर्वांत वाईट. प्रत्येक खड्डा थेट अंड्यांपर्यंत पोहोचतो. मागे बसलेल्या माणसाने तीच पेटी मांडीवर घेतली तर माणसाचे शरीरच स्प्रिंगचे काम करते. यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येईल. चुंबळीवर पाटी ठेवून डोंगर उतरणारी बाई शेवटचे पाच किलोमीटर अंडी जितक्या सुखरूप नेते तितकी कोणतीही जीप नेत नाही. तेथे रस्ता नाही म्हणून हळहळण्याचे कारण निदान अंड्यांपुरते तरी नाही.

पेटीवर ‘उबवणुकीची अंडी’, ‘ही बाजू वर’, ‘उन्हात ठेवू नये’ हे ठळक अक्षरांत मराठीत व हिंदीत लिहावे आणि बाण काढावा. हमालाला वाचता येत नसले तरी बाण समजतो. घेणाऱ्याचे नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक दोन बाजूंवर असावा. पेटी निघाल्याबरोबर फोन करावा. आज मोबाइल बहुतेक घरी पोहोचला आहे, तरीही पेट्या स्थानकात बेवारशी पडून राहतात, कारण कळविण्याचे काम कोणाचे हे ठरलेले नसते. ज्या तालुक्यात एका कर्मचाऱ्यावर ही जबाबदारी नाव घेऊन सोपविली जाईल त्या तालुक्यात ही तक्रार राहणार नाही.

पेटी घरी पोहोचली की उत्साहाच्या भरात अंडी लगेच कोंबडीखाली सारली जातात. तसे करू नये. सावलीत पेटी उघडावी. फुटलेले अंडे काढावे आणि त्याचा बलक ज्या अंड्यांना लागला असेल ती वेगळी करावीत, कारण वाळलेल्या बलकाने छिद्रे बुजतात आणि त्यावर जंतू पोसतात. उरलेली अंडी रुंद टोक वर करून १२ ते २४ तास गार जागेत शांत उभी ठेवावीत. हादरलेला बलक स्थिरावण्यास आणि हवेची पोकळी जागेवर येण्यास एवढा अवधी लागतो. कोंबडी ज्या टोपलीत बसली असेल तीत आधी एक-दोन साधी अंडी ठेवून तिचे बसणे पक्के झाले आहे याची खात्री करावी आणि रात्रीच्या वेळी ती काढून नवी अंडी तिच्याखाली घालावीत. रात्री ती बिथरत नाही. काही घरांत टोपलीत लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवण्याची चाल आहे. ठेवणाऱ्याने खुशाल ठेवावा, त्याने बिघडत काही नाही. फक्त गडगडाटाने मेली असे ज्या अंड्यांविषयी म्हटले जाते ती पुष्कळदा ढग येण्यापूर्वीच पेटीत मेलेली असतात.

आता त्या जुन्या तंट्याकडे येऊ : दोष कोणाचा? याचे उत्तर अंडेच देते, फक्त ते वाचता आले पाहिजे. सातव्या रात्री अंधारात अंडे विजेरीसमोर धरावे. पुठ्ठ्याला रुपयाएवढे भोक पाडून त्यामागे विजेरी धरली की काम होते. शाळेतील मुले हे शिक्षकापेक्षाही चटकन शिकतात. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसल्या तर जीव वाढतो आहे. लाल कडे दिसले तर गर्भ पहिल्या काही दिवसांतच मेला. जुनी अंडी, वाटेतील ऊन, हादरे यांचा संशय घ्यावा. अंडे अगदी स्वच्छ दिसले तर ते बहुधा फलितच नव्हते. कळपात नर कमी असतील किंवा म्हातारे झाले असतील. बहुधा एवढ्यासाठी म्हटले की अगदी आरंभी मेलेला गर्भही उजेडात दिसत नाही. ते अंडे फोडून बलकावरील ठिपका पाहिल्यावरच उलगडा होतो. आणि पूर्ण वाढलेले पिल्लू कवचातच मेलेले सापडले तर पाठवणीकडे बोट दाखविण्यापूर्वी उबवणीतील ऊब, ओलावा आणि अंडी फिरविण्याचा हिशेब तपासावा.

समजा, १२ अंडी आली. एक फुटले, तीन स्वच्छ निघाली, दोघांत लाल कडे दिसले, सहा पिल्ले निघाली. ‘निम्मी वाया गेली’ एवढीच नोंद केली तर तिचा कोणालाही उपयोग नाही. एक, तीन, दोन आणि सहा असे चार आकडे लिहिले तर पाठविणाऱ्याला कळते की तीन अंड्यांबद्दल त्याने आपले नर पाहावयास हवेत आणि तीन अंड्यांबद्दल पेटी व प्रवास. जागच्या जागी उबविलेल्या चांगल्या अंड्यांतून शेकडा ८० किंवा त्याहून अधिक पिल्ले निघतात. लांबचा प्रवास केलेल्या अंड्यांतून निम्मी निघाली तरी जाणकार माणूस समाधान मानतो. ही गोष्ट लाभार्थी कुटुंबाला अंडी देतानाच सांगितली पाहिजे. ती न सांगता बारा अंडी म्हणजे बारा पिल्ले असे चित्र उभे केले की सहा पिल्ले मिळालेल्या घरालाही फसविले गेल्यासारखे वाटते.

आणि ही फसगत लहान नसते. गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ-सत्तर अंडी देते, तीही तीन-चार खेपांत. एका खेपेला ती खुडूक बसली, २१ दिवस परक्या अंड्यांवर घालविले आणि हाती काही लागले नाही, तर त्या घराचा वर्षाचा तिसरा-चौथा हिस्सा गेला. ती बाई पुढच्या वेळी योजनेचे अंडे घेत नाही. शेजारणीलाही घेऊ देत नाही. कार्यालयाच्या कागदावर अंडी वाटपाचे उद्दिष्ट पूर्ण झालेले असते, आणि पाड्यावर मात्र पुढील पाच वर्षे त्या विषयाचे नाव निघत नाही.

तेव्हा वाटपाच्या नोंदवहीत ‘अंडी दिली’ या रकान्यापुढे आणखी पाच रकाने आखावेत : निघाल्याचा दिवस, पोहोचल्याचा दिवस, फुटलेली अंडी, सातव्या दिवशी वाढ दिसलेली अंडी, निघालेली पिल्ले. नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवावी. सातव्या दिवशीची तपासणी शाळेतील वरच्या वर्गातील मुलांना सोबत घेऊन शिक्षकांनी करावी, आणि २१व्या दिवसानंतरचा आकडा पशुधन विकास अधिकाऱ्यांमार्फत ज्या केंद्रातून अंडी आली त्या केंद्राकडे परत जावा. अंड्यांची पुढील पेटी बांधण्यापूर्वी तो आकडा बांधणाऱ्याच्या हाती पडला पाहिजे.